सोलापुरातील ग्रंथव्यवहार

सोलापूर शहरात एकोणिसाव्या शतकापासून वाढत गेलेला मुद्रण, प्रकाशन व वाचन यांचा व्यवहार. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषांचे वाचक असले, तरी सोलापूरचे नाव बाहेरगावच्या घरांत पोहोचले ते ललित साहित्यापेक्षा पंचांग आणि जैन शास्त्रग्रंथ यांमुळे.

नियतकालिकांत हिराचंद नेमचंद दोशी यांच्या ‘जैनबोधक’ मासिकाचा निर्देश प्रथम करावा लागतो. त्याचा आरंभ सामान्यतः 1884 च्या सुमारास मानतात. शहरातील जुन्या सार्वजनिक वाचनालयालाही हिराचंद नेमचंद यांचेच नाव आहे.

लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी शके 1838 (इ. स. 1916-17) मध्ये सोलापुरातून पंचांग काढण्यास सुरुवात केली. त्या काळी महाराष्ट्रात पंचांगशोधनाचा वाद ऐन भरात होता. गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ (शके 1442) या करणग्रंथावरून (पंचांगगणिताच्या सुलभ ग्रंथावरून) येणारी ग्रहस्थिती आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळत नसल्याने केरो लक्ष्मण छत्रे, लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर प्रभृतींनी दृक्‌प्रत्ययी गणिताचा पुरस्कार केला. जुन्या गणिताने तिथीचे मान 54 ते 65 घटिकांच्या (एक घटिका म्हणजे 24 मिनिटे) आत राही. यालाच ‘बाणवृद्धी-रसक्षय’ (60 घटिकांहून बाण म्हणजे 5 वाढ, रस म्हणजे 6 घट) म्हणतात. सूक्ष्म गणिताने ते सुमारे 50 ते 67 घटिकांपर्यंत जाते. साहजिकच एखादी एकादशी वा श्राद्धतिथी दोन पंचांगांत दोन वेगळ्या दिवशी येऊ शके, आणि वाद विद्वानांपुरता न राहता घराघरांत शिरे. दृक्‌गणित मान्य असलेल्यांतही राशिचक्राच्या आरंभबिंदूविषयी एकमत झाले नाही. रेवती नक्षत्राची योगतारा (मुख्य तारा) आरंभी धरणारा रैवतपक्ष आणि चित्रा तारेच्या समोरचा बिंदू धरणारा चित्रापक्ष यांच्या अयनांशांत (वसंतसंपातापासून राशिचक्राच्या आरंभबिंदूपर्यंतच्या अंतरांत) सुमारे चार अंशांचे अंतर पडते. म्हणून रैवतपक्षीय टिळक पंचांगात मकरसंक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते व काही वर्षी अधिक मासही निराळा ठरतो. सूर्यसिद्धान्त या प्राचीन ज्योतिषग्रंथात रेवतीचा ध्रुवक (राशिचक्राच्या आरंभापासूनचे अंतर) 359° 50′ आणि चित्रेचा 180° दिलेला असल्याने दोन्ही पक्षांना एकाच ग्रंथाचा आधार घेता आला, ही या वादातील गंमत. दाते पंचांग चित्रापक्षीय आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीनेही (अहवाल 1955) चित्रेशी जवळपास जुळणारा अयनांश (21 मार्च 1956 रोजी 23° 15′) स्वीकारला. तेव्हापासून व्यवहारात हा पक्ष वरचढ ठरला असला, तरी रैवतपक्षाचा युक्तिवाद निराधार म्हणता येणार नाही. पाडव्याला संवत्सरफल वाचून झाले की दाते पंचांग वर्षभर खुंटीला टांगलेले असते. इतक्या वेळा उघडले जाणारे दुसरे मराठी पुस्तक दाखवणे कठीण आहे.

शास्त्रग्रंथांच्या प्रकाशनाचे श्रेय मुख्यतः ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांना जाते. 1941 मध्ये गजपंथ (नाशिक) येथे विद्वानांची सभा भरवून त्यांनी जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापला आणि 1944 मध्ये सुमारे दोन लाख रुपयांची संपत्ती विश्वस्तनिधीत दिली. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ यतिवृषभकृत ‘तिलोयपण्णत्ति’ होय. आ. ने. उपाध्ये व हीरालाल जैन यांनी संपादिलेला हा प्राकृत ग्रंथ 1943 व 1951 मध्ये दोन भागांत निघाला. यतिवृषभाचा काळ विवाद्य असून तो पाचव्या ते सातव्या शतकांच्या दरम्यान ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. विश्वरचनाविषयक या ग्रंथाचा सातवा महाधिकार (प्रकरण) ज्योतिर्लोकाविषयी आहे. कृ. कां. हांडिकी यांचा ‘यशस्तिलक’ या सोमदेवकृत संस्कृत काव्यावरील इंग्रजी ग्रंथ (1949) आणि पां. भी. देसाई यांचा दक्षिणेतील जैन धर्म व शिलालेख यांवरील ग्रंथ (1957) याच मालेत प्रसिद्ध झाले.

मराठी साहित्य संमेलन सोलापुरात 1941 मध्ये वि. स. खांडेकर यांच्या आणि 2006 मध्ये मारुती चितमपल्ली यांच्या अध्यक्षतेखाली भरले. चितमपल्ली हे मूळचे सोलापूरचेच.