फॉरेन की लावली की जोडलेल्या नोंदी आपोआप जातात?

फॉरेन की म्हणजे डेटाबेसमध्ये एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या मूळ नोंदीशी जोडणारा रकाना. मूळ नोंद डिलीट केली की या फॉरेन कीमुळे तिच्याशी जोडलेल्या नोंदीही आपोआप जातात, असा समज फार जुना आहे. तसं होत नाही. ग्राहक आणि ऑर्डर अशी दोन टेबलं बनवून ऑर्डर ग्राहकाशी फॉरेन कीने जोडून बघा. ऑर्डर असलेला ग्राहक डिलीट करायला गेलात की पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर एरर देऊन अडवतं. दोन्ही नोंदी जागच्या जागी राहतात. ऑर्डरीही जायला हव्यात, तर की बनवताना ‘ऑन डिलीट कॅस्केड’ लिहावं लागतं. ‘सेट नल’ लिहिलं तर ऑर्डर राहते, ग्राहकाचा रकाना तेवढा रिकामा होतो. हिशेबाच्या नोंदींना कॅस्केड लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

एसक्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मात्र फॉरेन कीची ही तपासणी सहसा बंदच असते. दर कनेक्शनला ‘प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन’ दिलं नाही, तर ग्राहक जातो आणि ऑर्डरी बेवारस उरतात. मायएसक्यूएल वापरत असाल तर ‘शो क्रिएट टेबल’ चालवून कॅस्केड लिहिलंय का ते पाहा.