डोळ्याचा पडदा फाटतो कसा?

डोळा लाल नाही, दुखत नाही, पाणीही येत नाही. मग डॉक्टरांकडे कशाला जायचे, असा विचार अनेक जण करतात. पडद्याच्या, म्हणजेच दृष्टिपटलाच्या बाबतीत हा विचार घातक ठरतो, कारण वेदना जाणवणारे चेतातंतूच त्यात नसतात. पडदा फाटला तरी दुखत नाही.

दृष्टिपटल हे डोळ्याच्या आतल्या भिंतीचे, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे अस्तर आहे. त्याच्या पुढची पोकळी काचाभ द्रवाने भरलेली असते. नावात द्रव असला तरी तरुणपणी तो जेलीसारखा असतो: सुमारे 4 मिलिलिटर, बहुतांश पाणी, आणि त्या पाण्याला धरून ठेवणारे कोलॅजनचे अतिसूक्ष्म तंतू. वयानुसार हे जाळे विस्कटते, तंतूंच्या जुड्या होतात, मधूनमधून पाणी साचते आणि पन्नाशी-साठीनंतर केव्हातरी उरलेली जेली पडद्यापासून सुटून पुढे सरकते. त्या जुड्यांच्या सावल्या म्हणजेच नजरेसमोर तरंगणारे ठिपके आणि धागे. नजर स्थिर झाल्यावरही ते क्षणभर हलत राहतात, कारण आतली जेली हेलकावतच असते.

बहुतेकांच्या डोळ्यांत ही जेली काही इजा न करता सुटते. परंतु पडद्याच्या परिघाजवळ ती फार घट्ट चिकटलेली असते आणि काही जणांचा पडदा तेथे मुळातच विरळ असतो. अशा जागी जेली सुटण्याऐवजी पडद्यालाच ओढू लागते. पडद्याच्या पेशी कोणत्याही कारणाने चेतवल्या गेल्या तरी मेंदू त्याचा अर्थ प्रकाश असाच लावतो. मिटलेल्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर बोट हलकेच टेकवले, तर नाकाच्या बाजूला उजळ कडे दिसते ते याचमुळे. अंधारात नजरेच्या कडेला वीज चमकल्यासारखे वाटते, तेव्हा बोटाचे काम आत जेलीची ओढ करत असते. ओढ वाढली की पडद्याला घोड्याच्या नालेच्या आकाराची चीर पडते. चिरेचा पदर जेलीलाच चिकटून राहतो, त्यामुळे डोळा फिरला की पदर उचलला जातो आणि पातळ झालेला द्रव पडद्यामागे शिरतो. पडद्यामागचा रंगद्रव्य पेशींचा थर एरवी तेथील पाणी सतत उपसून पडदा भिंतीशी घट्ट ठेवतो. आत येणारे पाणी या उपशाहून वाढले की पडदा सरकू लागतो, आणि नजरेत एका बाजूने काळी सावली येते.

चीर हे पडदा सरकण्याचे कारण आहे, परिणाम नव्हे, हे स्वित्झर्लंडमधील लोझानचे डॉ. ज्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ठासून मांडले. चीर बंद केली तर पडदा वाचतो, हे त्यांनी शस्त्रक्रियेने दाखवूनही दिले. आजचे सारे उपचार त्याच विचारावर उभे आहेत.

तपासणीत थेंब घालून बाहुली मोठी करतात. मग डॉक्टर डोक्यावरील दिवा आणि हातातील भिंगातून पडदा पाहतात आणि पापणीवरून बोथट उपकरणाने हलका दाब देऊन परिघाचा भाग नजरेच्या टप्प्यात आणतात. आत रक्तस्राव झाला असेल तर सोनोग्राफी करावी लागते.

लेझरने चीर शिवली जाते, हा समज चुकीचा आहे. चिरेभोवती बारीक डागांची रिंगणे उमटवतात. साधारण दोन आठवड्यांत तेथे पक्के व्रण तयार होतात आणि पडदा भिंतीशी जखडला जातो. चीर तशीच राहते, पण पाण्याची वाट अडते. काही वेळा हेच काम अतिशीत उपकरणाने करतात. पडदा सरकलाच असेल तर मात्र शस्त्रक्रिया लागते.

पडदा जोडण्याचा दावा करणारे थेंब निव्वळ फसवणूक आहेत. बाहेरून घातलेला कोणताही थेंब ही चीर बुजवू शकत नाही. लेझरने चष्मा घालवलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. त्या शस्त्रक्रियेने फक्त पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, आकार बदलतो. जास्त उणे नंबरामागचे डोळ्याचे लांबट रूप आणि ताणलेला पडदा तसाच राहतो.

अचानक ठिपक्यांचा पाऊस, नव्याने चमकणारी वीज किंवा सावली दिसली तर त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. चीर सापडली नाही, तरी डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, कारण जेली पुरती सुटेपर्यंत तिची ओढ चालूच असते.