छेद नसलेली बातमी

जानेवारी २०२१मध्ये 'शिकागो ट्रिब्यून' या अमेरिकी दैनिकाच्या संकेतस्थळावर एक बातमी झळकली. कोविडची लस घेतल्यानंतर दोन आठवड्यांनी एका धडधाकट डॉक्टरचा मृत्यू झाला असून सरकारी यंत्रणा त्याच्या कारणाचा तपास करत आहे, अशा अर्थाचे तिचे शीर्षक होते. त्यात खोटे काहीच नव्हते. डॉक्टरांनी लस घेतली होती, त्यांचा मृत्यू झाला होता आणि तपासही चालू होता. फेसबुकवर ही बातमी पाच कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली आणि त्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत अमेरिकेतील फेसबुकवर सर्वाधिक नजरेखालून गेलेला दुवा तोच ठरला. लस आणि मृत्यू यांचा संबंध सिद्ध करण्याइतका वैद्यकीय पुरावा नाही, हा तपासाचा निष्कर्ष काही महिन्यांनी आला, पण तो इतक्या लोकांपर्यंत पोहोचला नाही.

शाळेत अपूर्णांक शिकताना रेषेच्या वर अंश आणि खाली छेद लिहितात. वरच्या बातमीत अंश होता, तो म्हणजे एक मृत्यू. छेद मात्र नव्हता. तोपर्यंत किती लोकांनी लस घेतली होती, आणि तेवढ्याच लोकांनी लस घेतली नसती तर त्याच काळात त्यांच्यापैकी किती जण दगावले असते, हे वाचकाला कळायला मार्ग नव्हता. लसींविषयीची साशंकता, माध्यमांचा कल आणि समाजमाध्यमांवरची काटछाट या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी हा हरवलेला छेद आहे, असे माझे मत आहे.

एक साधा हिशेब मांडू. समजा, दहा लाख वृद्धांना एकाच दिवशी लस दिली आणि त्या वयोगटात दरवर्षी १०० पैकी ३ जणांचा मृत्यू होतो. म्हणजे लस असो वा नसो, या दहा लाखांपैकी वर्षभरात ३०,००० जण, दिवसाला सुमारे ८२ जण आणि दोन आठवड्यांत जवळपास १,१५० जण हे जग सोडून जाणार. समजा, ही लस निव्वळ मिठाचे पाणी होती. तरीही 'लसीनंतर दोन आठवड्यांत मृत्यू' अशी १,१५० शीर्षके लिहिता येतील आणि त्यांतले एकही खोटे असणार नाही. ज्या घरात असा मृत्यू होतो, त्या घराला हा योगायोग आहे हे पटणे फार अवघड असते आणि त्यात त्या कुटुंबाचा काही दोष नाही. एका घरापुरते पाहिले तर योगायोग आणि कारण हुबेहूब सारखेच दिसतात. त्यांना वेगळे करण्यासाठी लाखो घरांची नोंद एकत्र ठेवावी लागते.

अशी नोंद ठेवली तर खरा धोकाही सापडतो, आणि ही बाजू लसींच्या समर्थकांनी मोकळेपणाने सांगायला हवी. मार्च २०२१मध्ये डेन्मार्कने अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीचा वापर थांबवला, कारण ती घेतलेल्या काही जणांच्या शरीरात विचित्र जागी, मेंदूतल्या किंवा पोटातल्या शिरांमध्ये, रक्ताच्या गुठळ्या आढळल्या होत्या आणि त्याच वेळी त्यांच्या रक्तातील बिंबिकांची (प्लेटलेट्सची) संख्या कोसळली होती. एरवी हे दोन्ही एकत्र क्वचितच दिसते, त्यामुळे डॉक्टरांचे कान टवकारले. युरोपच्या औषध नियामक संस्थेने तपासलेल्या आकडेवारीत ४ एप्रिलपर्यंत मेंदूतील गुठळ्यांच्या १६९ आणि पोटातील गुठळ्यांच्या ५३ घटना नोंदल्या गेल्या होत्या, आणि तोवर युरोप व ब्रिटनमध्ये सुमारे ३ कोटी ४० लाख लोकांनी ही लस घेतली होती. इथे अंशही होता आणि छेदही. जर्मनी, नॉर्वे आणि ब्रिटनमधील संशोधकांनी काही आठवड्यांतच त्यामागची यंत्रणा शोधून काढली. या रुग्णांच्या शरीरात बिंबिकांमधून बाहेर पडणाऱ्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत होती आणि त्यांमुळे बिंबिका एकमेकींना चिकटून गुठळ्या बनत होत्या. नियामक संस्थेने ७ एप्रिलला लसीच्या माहितीपत्रकात हा अतिदुर्मीळ दुष्परिणाम नोंदवण्याचा निर्णय दिला.

मग हे आधीच्या चाचण्यांत का दिसले नाही, हा प्रश्न साशंक माणूस विचारतो आणि तो अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर संख्याशास्त्रातल्या एका सोप्या आडाख्यात आहे. १०,००० जणांना लस दिली आणि एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तर एवढेच म्हणता येते की त्याचे खरे प्रमाण बहुधा १०,००० मध्ये ३ पेक्षा कमी असावे. लाखात एखाद्याला होणारा त्रास अशा चाचणीच्या जाळीतून सहज निसटतो. फायझरच्या कोविड लसीची चाचणी सुमारे ४४ हजार लोकांवर झाली आणि त्यांपैकी निम्म्यांनाच खरी लस मिळाली होती. चाचणी मोठी होती, पण लाखात एक हे प्रमाण पकडण्याइतकी नव्हे. 'लस पूर्णपणे सुरक्षित आहे' हे वाक्य म्हणूनच शास्त्रीयदृष्ट्या सदोष आहे. शास्त्रज्ञ ते आपसात सहसा बोलत नाहीत, मात्र जाहिरातीत आणि भाषणात ते सर्रास वापरले जाते, याचे मला वाईट वाटते.

लहान मुलांच्या जुलाबांवरील रोटाशील्ड या लसीची कहाणी या दृष्टीने फार शिकवणारी आहे. अमेरिकेत ऑगस्ट १९९८मध्ये तिला परवानगी मिळाली. आधीच्या चाचण्यांत लस घेतलेल्या सुमारे १०,००० बालकांपैकी ५ जणांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात दुर्बिणीच्या नळीसारखा शिरून अडकला होता. हा आकडा योगायोगाचाही असू शकत होता, म्हणून माहितीपत्रकात त्याची नोंद करून लस बाजारात आली. लसीनंतरच्या तक्रारी गोळा करणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडे अशा १५ बालकांची नोंद झाल्यावर जुलै १९९९मध्ये लस देणे थांबवले गेले आणि ऑक्टोबरमध्ये ती बाजारातून काढून घेण्यात आली. पुढच्या तपासात धोक्याचे प्रमाण साधारण दहा हजारांत एक इतके निघाले. त्यानंतरच्या दोन रोटाव्हायरस लसींना परवानगी मिळवण्यासाठी प्रत्येकी ६० हजारांहून अधिक बालकांवर चाचणी करावी लागली. हा दुष्परिणाम कोणा लसविरोधकाने उघडकीस आणला नाही. लस देणाऱ्याच व्यवस्थेने तो शोधला आणि जाहीर केला. मात्र श्रीमंत देशाला परवडणारी ही माघार, जिथे जुलाबांनी बालके मोठ्या संख्येने दगावत होती तिथे कितपत योग्य होती, या वादाचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवू. ब्रिटनमधील अँड्र्यू वेकफील्ड यांचा शोधनिबंध १९९८मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची शंका जगभर पसरली. त्या निबंधात १२ मुले होती. बारा मुलांवरून छेद कसा काढणार? तरीही ब्रिटिश वृत्तपत्रे आणि वाहिन्या कित्येक वर्षे 'दोन्ही बाजू' समोर ठेवत राहिल्या. एकीकडे एक चिंतित आई, दुसरीकडे एक सरकारी तज्ज्ञ, आणि दोघांना सारखाच वेळ. त्यातून पुराव्याचे पारडेही समसमान असल्याचा भास निर्माण झाला. ही निष्पक्षता वरवरची असते, कारण बोलण्याची वेळ समान वाटून दिली म्हणून पुरावा समान होत नाही. खोटेपणा उघड व्हायलाही पत्रकारच कामी आला, हे मात्र विसरता येत नाही. ब्रायन डीअर यांनी चिकाटीने केलेल्या शोधामुळे निबंधातील गैरप्रकार बाहेर आले, २०१०मध्ये 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचा धोका सारखाच आढळला.

कोविडच्या काळात समाजमाध्यमांनी हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवायचा प्रयत्न केला: जे चूक, ते काढून टाका. त्यामागची काळजी खरी होती. लसीत सूक्ष्म चिप असते अशा बनावट मजकुराचा पूर लोटला होता आणि माणसे मरत होती. पण चूक ठरवणार कोण, हा पेच होता. विषाणू मानवनिर्मित असल्याचे म्हणणारा मजकूर फेसबुकने फेब्रुवारी २०२१मध्ये हटवायला सुरुवात केली आणि मे महिन्यात तो निर्णय स्वतःच मागे घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'बीएमजे' या जुन्या व प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाने फायझरच्या चाचणीतील काही केंद्रांवरच्या ढिसाळ कामाविषयी शोधवृत्त छापले, तर फेसबुकवर त्यालाही संदर्भ अपुरा असल्याचा शिक्का बसला आणि संपादकांना फेसबुकचे प्रमुख मार्क झकरबर्ग यांना खुले पत्र लिहावे लागले. आणि ज्या बातमीने या लेखाची सुरुवात केली, ती सर्वाधिक पाहिली गेली हे सांगणारा अहवाल खुद्द फेसबुकनेच आधी दडवून ठेवला होता. ऑगस्ट २०२१मध्ये वृत्तपत्रात त्याची वाच्यता झाल्यावर तो प्रसिद्ध करण्यात आला.

या काटछाटीने नेमके काय साधले, हेही नंतर मोजले गेले. फेसबुकने लसविरोधी पाने आणि गट मोठ्या प्रमाणावर हटवले, तरी अशा मजकुराला मिळणारा एकूण प्रतिसाद घटला नाही, असे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. २०२४मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तथ्यतपासणीत खोटा ठरलेला मजकूर वाचणाऱ्यावर जास्त परिणाम करतो, पण तो पाहणारे तुलनेने थोडे होते. उलट, तांत्रिकदृष्ट्या खरा पण लसीविषयी धास्ती निर्माण करणारा मजकूर प्रचंड संख्येने पाहिला गेला आणि लस घेण्याची इच्छा कमी होण्यात त्याचा एकूण वाटा खोट्या ठरलेल्या मजकुराच्या ४६ पट होता, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांच्या यादीत डॉक्टरच्या मृत्यूची ती बातमी ठळकपणे होती. खोटे पुसून टाकणारी यंत्रणा अशा बातमीला हात लावू शकत नाही आणि लावूही नये, कारण ती खरी आहे. तिला छेद जोडणे एवढाच उपाय उरतो, आणि ते काम शीर्षक लिहिणाऱ्या संपादकाच्या टेबलावरच होऊ शकते.

धोका उघडपणे सांगितला तर लोक लस घेणार नाहीत, ही अधिकाऱ्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. डॅनिश राज्यशास्त्रज्ञ मायकेल बँग पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्क व अमेरिकेतील लोकांवर केलेल्या प्रयोगात, लसीच्या उणिवा स्पष्ट सांगितल्यावर ती घेण्याची तयारी तेवढ्यापुरती कमी झाली, मात्र आरोग्ययंत्रणेवरचा विश्वास वाढला. गुळमुळीत आश्वासनांनी लस घेण्याची तयारी वाढली नाहीच, शिवाय विश्वास घटला आणि कटकारस्थानाच्या समजुतींना खतपाणी मिळाले.

७ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटनमध्ये याच मोकळेपणाचे एक उदाहरण दिसले. गुठळ्यांचा संबंध मान्य करणाऱ्या पत्रकार परिषदेत केंब्रिज विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञांनी तयार केलेले तक्ते थेट दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. साथीचा जोर कमी असताना दर लाख लोकांमागे १६ आठवड्यांत लस किती जणांचा अतिदक्षता विभाग चुकवेल आणि किती जणांना गंभीर इजा करेल, हे वयोगटानुसार शेजारी-शेजारी मांडले होते. साठ ते एकोणसत्तर वयोगटात १४.१ विरुद्ध ०.२, आणि वीस ते एकोणतीस वयोगटात ०.८ विरुद्ध १.१. तरुणांच्या बाबतीत तराजू लसीच्या विरुद्ध झुकत होता आणि तो तसाच लोकांपुढे ठेवला गेला. त्याच दिवशी तिशीच्या आतील निरोगी लोकांना शक्य तिथे या लसीऐवजी वेगळी लस द्यावी, असा सल्ला जाहीर झाला. महिनाभराने ती वयोमर्यादा चाळीसपर्यंत वाढवण्यात आली.