एसयूव्हीचे टायर मागवण्याआधी शेवटचा आकडा आणि अक्षर वाचा

फोनवर बहुतेक ग्राहक साइज सांगतात ती एवढीच: ‘२३५/६५ आर १७’. तेवढ्यावर टायर मागवला की घोळ ठरलेला. याच साइजमध्ये ‘१०४ टी’ मिळतो, ‘१०४ एच’ मिळतो आणि ‘१०८ व्ही’सुद्धा. रिमवर तिन्ही बसतात, पण तुमच्या गाडीला तिन्ही चालतीलच असं नाही. चूक गाडी जॅकवर चढल्यावर कळली तर टायर परत जातो, तुमची खेप वाया जाते आणि नवा येईपर्यंत गुळगुळीत टायरवरच फिरावं लागतं.

रुंदी (२३५), उंची (६५), रिम (१७) हे तुम्हाला माहीत आहेच. पुढचा १०४ हा भाराचा सांकेतिक आकडा आहे, किलो नव्हेत. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००. सात माणसं, मागे सामान, टपावर कॅरियर, आणि त्यात वळणावर ब्रेक लागला की पुढच्या बाहेरच्या टायरवर किती भार येतो याचा विचार करा.

शेवटचं अक्षर वेगाचं. एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० किमी ताशी. एच मध्येच कुठून आला? हा क्रम एबीसीडीप्रमाणे चालत नाही, एवढंच लक्षात ठेवा.

‘आम्ही शंभरच्या वर जातच नाही, मग टी का नको?’ हे आम्हाला रोज विचारलं जातं. हा वेग ठरावीक भार आणि योग्य हवा ठेवून, यंत्राच्या ड्रमवर टायर पळवून तपासलेला असतो. मुळात तो उष्णतेचा हिशेब आहे. फिरताना टायरची बाजू सतत दबते आणि सुटते, त्यातून टायर तापतो. हवा कमी, भार जास्त, रस्ता तापलेला, असं सगळं एकत्र आलं की आतले पोलादी पट्टे रबरापासून सुटू लागतात. हे तुमच्या नेहमीच्या वेगातही होऊ शकतं. शिवाय उंच गाडी वळणावर किती झुकेल, स्टीयरिंगला कशी वळेल, हे गाडीच्या कंपनीने ठरावीक कडकपणाच्या टायरवर जुळवलेलं असतं. म्हणून बर्फासाठीचे खास टायर सोडले, तर कंपनीने सांगितल्यापेक्षा खालचं अक्षर किंवा खालचा भार-आकडा आम्ही बसवत नाही. ग्राहक नाराज झाला तरी नाही. वरचं अक्षर चालतं. पण शहरातल्या फिरण्यासाठी एचच्या जागी डब्ल्यू घेतला तर पैसे जास्त जातात आणि बऱ्याचदा टायर लवकर झिजतो. तेव्हा आम्हीच ‘नको’ म्हणतो.

जुन्या टायरवरून वाचू नका. आधी कोणी चुकीचा बसवला असेल तर तीच चूक पुढे चालू राहते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर पाहा. तिथे पूर्ण मजकूर नसेल तर गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो. त्याचा फोटो पाठवलात की आमचं अर्धं काम होतं. स्टिकरवर हवाही लिहिलेली असते, ती थंड टायरची. टायरच्या बाजूवर कोरलेला कमाल दाब ही टायरची मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

दोनच टायर घेत असाल तर नवे मागे बसवून घ्या. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली की गाडी सावरणं कठीण. ऑल-व्हील-ड्राइव्हला, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाडीला मात्र चारही एकदम बदललेले बरे. झिजलेल्या आणि नव्या टायरचा घेर वेगळा, त्यामुळे ड्राइव्हच्या भागांवर सतत ताण येतो.

बसवण्याआधी टायरवरचा चार अंकी तारखेचा आकडा आम्ही दाखवतो: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. नाही दाखवला तर मागून घ्या. बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं, आम्ही प्रत्येक नव्या टायरला करतोच. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणं) त्याच फेरीत करून घ्या, नाहीतर नव्या टायरची एक कड आधी झिजेल.

८० ते १०० किमी झाले की नट पुन्हा तपासायला या. पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी आधी वेळ ठरवायची गरज नाही.