पार्श्वभूमी: वजन घटवण्याच्या जाहिराती आणि कायद्याची दमछाक

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकेत ‘मार्मोला’ नावाच्या गोळ्या खपत होत्या. डेट्रॉइटची रॅलाडॅम कंपनी लठ्ठपणावरचा शास्त्रीय आणि सुरक्षित उपाय म्हणून त्या विकायची. गोळीत होती जनावरांच्या थायरॉइड ग्रंथीची वाळवून केलेली भुकटी. तिनं वजन उतरायचं हे खरं, पण गाडी उभी असताना इंजिन रेटावं तसं. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडालेली, आणि चरबीबरोबर स्नायूही झिजायचे.

१९२९ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे व्यापारातल्या गैरप्रकारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं, ही जाहिरातबाजी थांबवायचा आदेश काढला. कंपनी कोर्टात गेली आणि १९३१ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात जिंकली. तो निकाल वाचताना हसावं की कपाळाला हात लावावा, कळत नाही. डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय हे औषध सरसकट घेणं सुरक्षित नाही, हे न्यायालयाला मान्य होतं. लोकहिताचा मुद्दाही मान्य होता. पण आयोगाचा अधिकार स्पर्धेतल्या अनुचित पद्धतींपुरता होता, आणि कुठल्या प्रतिस्पर्ध्याचं नुकसान झालं हे त्याला दाखवता आलं नव्हतं. धोका उघड करणारे डॉक्टर? ते पेशा करतात, व्यापार नव्हे. म्हणजे तेही स्पर्धक नाहीत. गोळ्या गिळणारं गिऱ्हाईक तर या हिशेबात कुठंच बसत नव्हतं.

ही फट बुजवायला १९३८ साल उजाडलं. आयोगाच्या कायद्यातल्या व्हीलर-ली दुरुस्तीनं ग्राहकाची फसवणूकच बेकायदा ठरवली. प्रतिस्पर्धी शोधत बसायची गरज उरली नाही. मार्मोलाविरुद्धचा दुसरा आदेश सर्वोच्च न्यायालयानं १९४२ मध्ये उचलून धरला.

पुढं गोळीसोबत ‘प्रोग्राम’ही विकला जाऊ लागला. १९९३ मध्ये आयोगानं वेट वॉचर्स, जेनी क्रेग, न्यूट्रीसिस्टिमसह पाच मोठ्या कंपन्यांवर बोट ठेवलं. उतरलेलं वजन टिकतं, या दाव्याला आधार काय, हा मुख्य सवाल होता. तिघांनी लगेच तडजोड केली, दोघांनी १९९७ पर्यंत ताणलं. २००२ च्या अहवालात आयोगानं ३०० जाहिराती तपासल्या. त्यातल्या ५५ टक्क्यांत निदान एक दावा खोटा किंवा निराधार असण्याची दाट शक्यता होती. ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंखाली बारीक अक्षरांत ‘सर्वांना असा फरक पडेलच असं नाही’ एवढं छापून सुटका व्हायची, ती सोय २००९ मध्ये काढून घेतली गेली.

आपल्याकडचा कायदा १९५४ चा: औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम. ज्या रोगांवर इलाजाची जाहिरातच करायची नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. तरी लोकलच्या डब्यात ‘वजन घटवा’ची कागदं चिकटलेली असतातच. कारण शिक्षा पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने, आणि अंमलबजावणी ढिली. शिवाय हा कायदा औषधं, वस्तू आणि तावीज-गंड्यांचा. शरीरावर परिणाम करणाऱ्या वस्तूंची व्याख्या करतानाही त्यात अन्न वगळलेलं आहे. डाएट चार्ट, शेक, बारा आठवड्यांचा कोर्स यांना ‘औषध’ कोण म्हणणार? माझ्या मते सगळा धंदा याच फटीत वाढला.

सेवा आणि प्रोग्राम पकडीत आले ते ग्राहक कायद्यामुळं, १९८६ नंतर. तरी तक्रार करायची कुणी, तर बहुतेकदा फसलेल्यानंच. आणि वजन उतरलं नाही तर माणूस आधी स्वतःलाच दोष देतो, ग्राहक मंचाची पायरी कोण चढतो? मुंबईतली जाहिरात मानक परिषद १९८५ पासून आहे, पण ती उद्योगानंच उभारलेली. दंड करायचा अधिकार तिला नाही. २०१९ च्या कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आणलं. ते स्वतःहून चौकशी करतं, १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड लावतं, जाहिरात करणाऱ्या नटनट्यांनाही वर्षभर रोखू शकतं.

२०२५ मध्ये या प्राधिकरणानं व्हीएलसीसी या सौंदर्य आणि वजन घटवण्याच्या सेवा विकणाऱ्या कंपनीला ३ लाखांचा दंड केला. चरबी गोठवणाऱ्या यंत्राला एफडीए या अमेरिकी औषध नियामकाची मान्यता आहे, असं सांगत जाहिरातीत वजन उतरवण्याचा दावा होता. मान्यता खरीच होती, पण ती ठरावीक जागी साठलेल्या चरबीपुरती आणि ३० पर्यंत बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) असलेल्यांसाठी. वजन उतरवण्यासाठी नव्हे. यापुढं शरीराचे कोणते भाग आणि किती बीएमआय, हे जाहिरातीत ठळकपणे छापा, असं कंपनीला बजावण्यात आलं.