बाललक्षी भाषण

अद्याप बोलू न लागलेल्या किंवा नुकत्याच बोलू लागलेल्या मुलाशी बोलताना मोठी माणसे वापरतात ती खास धाटणी. चढा आवाज, ठळक चढउतार, तोकडी वाक्ये, पुनरुक्ती आणि लांबट विराम ही तिची बहुतेक भाषांत आढळलेली लक्षणे होत. मूल बोलायला शिकते त्यात या धाटणीचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

मुलाच्या कानी कोणतीच भाषा पडू दिली नाही तर ते काय बोलेल, ही जिज्ञासा प्राचीन आहे. हीरॉडोटसने (इ. स. पू. पाचवे शतक) सांगितलेल्या कथेनुसार ईजिप्तचा राजा सामेटिकस याने दोन अर्भके एका मेंढपाळाच्या हवाली केली व त्यांच्यासमोर कोणी शब्दही उच्चारू नये अशी आज्ञा दिली. दोन वर्षांनी मुले ‘बेकॉस’ असे म्हणू लागली. फ्रिजियन भाषेत हा शब्द पावाचा वाचक असल्याने ती भाषा ईजिप्तच्या भाषेपेक्षा अधिक प्राचीन ठरविण्यात आली. ही घटना ऐतिहासिक मानण्यास पुरेसा आधार नाही. मुले शेळ्यांच्या सहवासात वाढली होती. ती त्यांच्या ओरडण्याचे अनुकरण करीत असावीत, हे स्पष्टीकरण अधिक संभवनीय दिसते. स्वतःच्या मुलांच्या बोलण्याच्या नोंदी फ्रेंच विचारवंत ईपॉलीत तेन याने १८७६ मध्ये व चार्ल्स डार्विनने १८७७ मध्ये प्रसिद्ध केल्या.

भाषा ऐकून शिकली जाते की उपजत असते, या आधुनिक वादाला १९५७ मधील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांची प्रबलनावर (योग्य वर्तनाला दाद देऊन ते दृढ करण्यावर) आधारलेली उपपत्ती व १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी तिच्यावर केलेली टीका यांपासून धार आली. मुलाच्या कानी पडणारी भाषा अपुरी व विस्कळित असते, तेव्हा व्याकरणाचा पाया उपजतच असला पाहिजे, अशी चॉम्स्की यांची भूमिका. परंतु १९६४ मध्ये सी. ए. फर्ग्युसन यांनी मराठीसह सहा भाषांतील बालबोलीची (म्हणजे मुलांशी बोलण्याच्या या धाटणीची) तुलना केली होती. त्याच वर्षी अशोक रा. केळकर यांचे मराठी बालबोलीवरील विवेचनही प्रसिद्ध झाले. पुढे १९७२ मध्ये कॅथरिन स्नो यांनी दाखविले, की दोन वर्षांच्या मुलाशी बोलताना आईची वाक्ये दहा वर्षांच्या मुलाशी बोलण्यापेक्षा सोपी असतात आणि तिच्या बोलण्यात पुनरुक्ती अधिक असते. म्हणजे मुलाला मिळणारी भाषा तितकी विस्कळित नव्हती. मात्र ती सोपी असल्यामुळेच मूल शिकते असे यावरून सिद्ध होत नाही. १९७७ मध्ये एलिसा न्यूपोर्ट आणि ग्लाइटमन दांपत्याने आया व मुले यांच्या पंधरा जोड्या अभ्यासल्या. आईच्या वाक्यांचा सोपेपणा व मुलाच्या व्याकरणाची एकूण वाढ यांचा थेट संबंध त्यांना आढळला नाही. इंग्रजीतील साहाय्यक क्रियापदांसारख्या मोजक्या बाबींपुरता परिणाम दिसला.

मानवशास्त्रीय पुरावाही याच दिशेने जातो. पापुआ न्यू गिनीतील कालुली लोकांत बाळाशी बोबडे बोलत नाहीत, असे बँबी शीफेलिन यांनी नोंदविले. एलिनॉर ओक्स यांचे सामोआतील निरीक्षण त्याच्याशी जुळते. तरीही तेथील मुले बोलायला शिकतातच. बोलिव्हियातील त्सिमाने समाजात लहान मुलांना उद्देशून होणारे बोलणे तासाला सरासरी एका मिनिटाहूनही कमी भरले.

शब्दसंख्येवर भर देणारा पक्ष १९९५ नंतर लोकप्रिय झाला. बेटी हार्ट व टॉड रिझ्ली यांनी अमेरिकेतील ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून संपन्न व गरीब घरांतील मुलांच्या कानी पडणाऱ्या शब्दांत तीन कोटींची तफावत असल्याचे अनुमान काढले. नमुना लहान होता व आकडा बहिर्वेशनाने (थोड्या निरीक्षणावरून पुढचा अंदाज बांधून) काढलेला होता. शिवाय घरातील इतरांचे, मुलाच्या कानावर सहज पडणारे बोलणे त्यात धरले नव्हते. तो आकडा गरीब आईबापांना दोष देण्यासाठी वापरणे सर्वस्वी अनुचित होय.

शब्दांच्या संख्येपेक्षा मुलाच्या पुढाकाराला मिळणारा प्रतिसाद महत्त्वाचा, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. मूल ज्या वस्तूकडे पाहत आहे तिचेच नाव घेतल्यास शब्द लवकर पक्का होतो, असे मायकेल टोमासेलो यांच्या १९८६ मधील अभ्यासात दिसले. मायकेल गोल्डस्टीन व सहकाऱ्यांच्या प्रयोगात (२००३) बाळाच्या आवाजापाठोपाठ आईने हसून, जवळ येऊन, स्पर्श करून दाद दिली तेव्हा बाळाची बडबड अधिक शब्दसदृश झाली. तीच दाद अवेळी दिली असता तसे झाले नाही. त्याच वर्षी पॅट्रिशिया कूल यांनी दाखविले, की नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांनी चिनी ध्वनिभेद प्रत्यक्ष माणसाकडून आत्मसात केले, चित्रफितीतून नाही.

मुलाचे तोकडे वाक्य पुरे करून परत देणे (‘भूभू गेला’, ‘हो, भूभू पळत गेला’) व चित्रांच्या पुस्तकावर प्रश्नोत्तरे करणे हे परिचित उपाय होत. चुका दुरुस्त करण्याचा उपयोग संशयास्पद आहे; रॉजर ब्राऊन यांच्या निरीक्षणात पालक व्याकरण नव्हे, तर बोलण्याचा खरेपणा तपासत होते. खुणांची भाषा वापरणाऱ्या घरांतील कर्णबधिर बालके हातांनी ‘बडबड’ करतात, असे १९९१ मध्ये आढळले. दोन भाषा ऐकल्याने वाचादोष जडतो, या समजुतीला आधार नाही.

बारा महिन्यांपर्यंत बडबड किंवा बोट दाखविणे नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द किंवा दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्दांची जोडणी नसेल, तर प्रथम श्रवणाची तपासणी करतात. टाळीच्या आवाजाला मूल वळते म्हणून ती टाळू नये. अंशतः श्रवणदोष असलेली मुलेही मोठ्या आवाजाला वळतात, पण बोलण्यातील बारीक ध्वनी त्यांना ऐकू येत नाहीत.