रोगकारक जिवाणूंचा जमिनीत व मुळांत टिकाव

पीक निघाल्यापासून पुढच्या लागवडीपर्यंत रोगकारक जिवाणू मातीत, कुजत्या अवशेषांत किंवा जिवंत मुळांत तग धरतात, त्याला टिकाव म्हणतात. यांतले बहुतेक जिवाणू बीजाणू (प्रतिकूल काळात तगून राहणारे सुप्त रूप) करत नाहीत. उघड्या मातीत कोरडेपणा, उपासमार आणि त्यांना खाणारे आदिजीव (सूक्ष्म एकपेशीय जीव) यांपुढे त्यांची संख्या झपाट्याने घटते. कोबीच्या काळ्या कुजीचा झँथोमोनास मोकळ्या मातीत काही आठवडेच जगतो, धसकटात मात्र ते पुरते कुजेपर्यंत टिकतो. बटाट्यावर खपली आणणारा स्ट्रेप्टोमायसिस हा अपवाद. तो बीजाणू धरतो व वर्षानुवर्षे राहतो.

सर्वांत चिवट प्रश्न टोमॅटो, बटाट्याची झाडे सुकवणाऱ्या मर रोगाच्या राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम या जिवाणूचा. अर्विन स्मिथ यांनी १८९६ साली त्याचे वर्णन केले. उपमुळे फुटताना सालीला पडलेल्या चिरांतून, किंवा सूत्रकृमींनी (मातीतल्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींनी) केलेल्या जखमांतून तो जलवाहिन्यांत शिरतो. वरचा थर उन्हात तापून कोरडा झाला की तिथले जिवाणू मरतात. खालच्या ओलसर थरात ते उरतात. त्याहून घातक म्हणजे कामोनीसारख्या तणांच्या मुळांत तो कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. शेतात चुकून राहिलेल्या बटाट्यांचेही तसेच. म्हणून नुसती नांगरट पुरत नाही. मुळे आणि कंद वेचून बाहेर काढावे लागतात.

ओळख सोपी आहे. सुकत चाललेल्या झाडाच्या बुडाजवळचा ५ ते ७ सेंमी तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात, कापलेले टोक जेमतेम बुडेल असा, न हलवता धरावा. काही मिनिटांत टोकातून जिवाणूंचे दुधी धागे खाली उतरतात. बुरशीच्या मरीत असे धागे दिसत नाहीत.

माती तपासणे अवघड. १० ग्रॅम माती ९० मिली निर्जंतुक पाण्यात ढवळून, ते द्रावण टप्प्याटप्प्याने विरळ करून बशीतल्या टेट्राझोलियम माध्यमावर (हे रसायन घातलेल्या, जिवाणू वाढवण्याच्या पोषक थरावर) पसरतात आणि सुमारे २८ अंश सेल्सिअसला ४८ तास ठेवतात. रोगकारक जिवाणूंच्या वसाहती (वाढून झालेले ठिपके) ओघळत्या, पांढऱ्या, मध्याशी गुलाबी दिसतात. पण ताणाखालच्या पेशी जिवंत असूनही माध्यमावर वाढत नाहीत, आणि इतर मृदाजिवाणू बशी व्यापून टाकतात. त्यामुळे बशीवर काही न दिसणे म्हणजे माती निर्धोक नव्हे. त्याच मातीत मुळे किंचित कापलेली टोमॅटोची रोपे लावून पाहणे अधिक भरवशाचे.

२ ते ३ वर्षे तृणधान्याचा बेवड ठेवल्यास संख्या घटते, मात्र त्या काळात कामोनीसारखे तण वाढू दिले तर तो सारा काळ वाया जातो. बाधित शेतातून वाहणारे पाणी खालच्या शेतात जाऊ देऊ नये.